माती चाखणारे साहेब

साहेब माती खायचे. ही गोष्ट हळूच सांगितली तर लोकांना वाटतं मी थट्टा करते, म्हणून सरळच सांगते. जमिनीतून निघालेला चुरा चिमूटभर उचलायचे, पुढच्या दातांत धरायचे, डोळे मिटून दोनदा चावायचे आणि बाजूला थुंकायचे. कचकच लागली तर त्यात वाळू आहे, लोण्यासारखी गेली तर निव्वळ चिकणमाती. भूगर्भशास्त्रात ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. पण पांढऱ्या गाडीतून उतरलेला, कडक इस्त्रीचा माणूस शिनोलीच्या रस्त्याकडेला उभा राहून माती चावतोय, हे बघून कुणाला शास्त्र आठवत नाही. माझ्या काकूला तर दयाच आली.

"अंगात रक्त कमी असलं की मानूस माती खातं," ती मला म्हणाली. "कोमल पोटात व्हती तवा मी भितीचा पोपडा खाल्लाय. घरी कुनी बघनारं न्हाई का त्यांचं?"

घरी कुणी नव्हतं. साहेबांनी लग्न केलं नव्हतं. काकू दर आठवड्याला शेंगदाण्याचे लाडू पाठवायला लागली. साहेब लाडू खायचे, आणि मातीही चालू ठेवायचे.

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवीन लागले होते. कंपनी तेल आणि वायू शोधणारी. मी मूळची शिनोलीचीच, त्यामुळे कंपनीने जुन्नर-आंबेगावात सर्वेक्षण काढलं तेव्हा मला तिथेच पाठवलं. आमच्याकडचे डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात तेल सापडत नाही. पण लाव्हा येण्याआधीचे गाळाचे थर त्या काळ्या कातळाखाली गाडले गेले असावेत आणि त्यांत काहीतरी असावं, अशी कंपनीला आशा होती. मोठाले ट्रक रस्त्यावर उभे राहून जमीन हलवायचे, शेतांतून पसरलेल्या तारा खालून परत येणारे हादरे टिपायच्या, आणि त्यावरून खालच्या थरांचं चित्र निघायचं. ते चित्र लांबच्या विहिरींत सापडलेल्या थरांशी ताडून बघायचं, हे साहेबांचं काम. इकडचा थर तो तिकडचाच, अशी खात्री पटली की दोघांना एका रेघेने जोडायचं. रेघ जिथे फुगून वर येते तिथे तेल किंवा वायू साठलेला असू शकतो, म्हणून तिथे खणायचं. थोडक्यात, कोट्यवधींचं यंत्र कुठे उभं राहणार हे साहेबांच्या पेन्सिलीवर ठरायचं, आणि साहेबांची पेन्सिल सहसा उठत नसे.

खात्री नसेल तिथे ते रेघ ओढत नसत. दुसरे अधिकारी तुटक रेघ तरी ओढतात. साहेब तिथे नुसतं प्रश्नचिन्ह काढायचे. त्यांचे नकाशे प्रश्नचिन्हांनी इतके भरलेले असत की मुख्यालयात त्यांना 'परीक्षेचा पेपर' म्हणायचे.

हाच स्वभाव खाण्यापिण्यात. घोडेगावच्या चहावाल्याने एकदा हौसेने विचारलं, "साहेब, चहा कसा झालाय?"

साहेबांनी दोन घोट घेतले. "कालच्यापेक्षा वेगळा आहे."

"चांगला का वाईट?"

"वेगळा."

चहावाला दिवसभर अस्वस्थ होता.

आमचा कॅम्प एका मंगल कार्यालयात होता. तेवढी मोठी दुसरी जागाच मिळाली नाही. हिशेबाचे लोक 'वरपक्ष' पाटीच्या खोलीत बसायचे आणि साहेब 'वधूपक्ष' खोलीत, आरशासमोर नकाशे पसरून. लग्नाची तारीख असली की आम्ही सामान गोळा करून बाहेर पडायचो. एकदा साहेब उठलेच नाहीत, कारण एक थर मिळता मिळता राहिला होता. नवरीकडच्या बायकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्यांना तिथलंच फर्निचर समजून नवरीला हळद लावायला घेतली. पुढच्या आठवड्यात मुख्यालयातून विचारणा आली, की नकाशाच्या डाव्या कोपऱ्यातला पिवळा थर कुठल्या काळातला. साहेबांनी एका शब्दात उत्तर पाठवलं, "हळद". मुख्यालयाने त्यावर आणखी माहिती मागवली.

गावातला पेच वेगळाच होता. साहेब रस्त्यात दिसले की लोक विचारायचे, "साहेब, तेल हाय का न्हाई?" आणि साहेब खरं ते सांगायचे, "माहीत नाही."

आमच्याकडे अधिकारी माणसाने असं बोलायची पद्धत नाही. अधिकाऱ्याला सगळं माहीत असतं, आणि नसलं तर तो म्हणतो 'उद्या या'. एवढ्या मोठ्या साहेबाला माहीत नाही हे कुणाला पटेना.

"म्हाईत न्हाई म्हंतो, म्हंजी लई आसनार," असा निष्कर्ष पारावर निघाला. साहेब जितक्या वेळा माहीत नाही म्हणाले तितकं गावाखालचं तेल वाढत गेलं. एकाने शर्यतीच्या खोंडाचं नाव बदलून 'डिझेल' ठेवलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मिसरूड न फुटलेली मुलं 'भावी तेलसम्राट' झाली. मी घरी समजावून सांगायला गेले तर काका म्हणाले, "तुला कंपनीनं शपथ घातली आसंल. आमी न्हाई इचारनार."

आणि अशात काकांचा बोअर पेटला.

काकांनी दिवाळीच्या सुमाराला गोठ्याशेजारी बोअर मारला होता. पाणी लागलं नाही, म्हणून तोंडावर फरशीचा तुकडा ठेवून दिला होता. एका दुपारी, पाणी आलंय का बघावं म्हणून त्यांनी फरशी सरकवली आणि वाकले. तोंडात बिडी होती. भप् झालं, हातभर निळी ज्योत वर आली आणि काकांची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्यांनी भादरून टाकली, पण त्याआधी कुणीतरी त्यांचा आणि जाळाचा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो दोन्ही तालुक्यांत फिरला.

त्याच संध्याकाळी येडगावहून फोन आला.

येडगावचे पाहुणे दोन महिन्यांपूर्वी कोमलला बघून गेले होते. कोमल माझी चुलतबहीण, बी.कॉम. झालेली, घरचं दूधदुभतं सांभाळणारी. मुलगा पुण्यात नोकरीला, घरची द्राक्षबाग. 'कळवतो' म्हणून गेले आणि कळवलं नव्हतं. आता मुलाचे वडील फोनवर म्हणाले, "पत्रिका लई झ्याक जुळतीय. उशीर कशापायी करायचा?" पुढच्या रविवारी साखरपुडा ठरला.

दुसऱ्या दिवशी कोमल एकटी कॅम्पवर आली. साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. त्यांनी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"साहेब, आमच्या बोअरमधी खरंच काय हाय?"

"माहीत नाही."

"ते म्हाईत करून घ्याल का?" ती म्हणाली. "पावणं आधी कळवतो म्हणून गेलं, अन् जाळ बघून आलं. जाळ खरा आसंल तर माझी काय तक्रार न्हाई. पण उद्या लग्नानंतर तो विझला, तर त्या घरात मला नांदायचंय. तुमाला न्हाई, माझ्या वडलांना न्हाई."

साहेबांनी नकाशा बाजूला सारला. हे मी क्वचितच पाहिलं होतं.

"तपासायला वेळ लागतो," ते म्हणाले.

"साखरपुडा रविवारी हाय."

"मग लागणार नाही."

त्या दिवसापासून साहेब कंपनीची गाडी सोडून काकांच्या ओसरीवर मुक्कामाला आल्यासारखे बसू लागले. बोअर मारताना यंत्र जो चुरा बाहेर फेकतं त्याचा ढीग अजून गोठ्यामागे पडून होता. त्यांनी तो थराथराने उकरला, धुतला, वर्तमानपत्रावर वाळवला आणि अर्थातच चाखला. वर काळा दगड, मग वीतभर तांबडी माती, मग पुन्हा काळा. लाव्हाच्या एका लोटानंतर दुसरा यायला बराच काळ गेला की मधल्या काळात अशी तांबडी माती तयार होते. ती दूरपर्यंत एकसारखी पसरलेली असते, म्हणून ताडून बघायला ती फार सोयीची.

ताडायला दुसरा बोअर हवा होता. तो ओढ्यापलीकडे नानाभाऊंचा. नानाभाऊंचं आणि काकांचं बांधावरून जुनं वाकडं. काकांच्या बोअरला जाळ निघाल्यापासून नानाभाऊंना झोप नव्हती. साहेबांना बघून ते धावतच आले.

"या साहेब. आमच्यातबी हाय. जास्तच हाय. वास घ्या."

बोअरच्या तोंडाशी खरंच वास येत होता. साहेबांनी कडेचा चुरा उचलला, दातांत धरला आणि लगेच थुंकला. मग माझ्याकडून बाटली घेऊन बराच वेळ चुळा भरल्या.

"डिझेल आहे," ते म्हणाले.

नानाभाऊंचा चेहरा फुलला. "मी म्हनलंच व्हतं."

"पंपावरचं आहे. ट्रॅक्टरच्या टाकीतून काढलेलं."

"आसं कसं म्हंता साहेब?"

"खालून येणारं तेल असं गाळून येत नाही."

नानाभाऊंनी ओढ्याकडे बघत टोपी नीट केली. त्यांचं एकट्याचंच असं नाही. त्या आठवड्यात तालुक्यातल्या बऱ्याच कोरड्या बोअरांना डिझेलचा वास यायला लागला होता आणि पंपावर रांग होती.

पण नानाभाऊंच्या ढिगात तीच तांबडी माती होती. रंग तोच, दातांखाली तशीच, वरचाखालचा दगडही तोच. आणि त्यांचा बोअर तिच्याही बराच खाली गेला होता. साहेब ओसरीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "थर तेच आहेत. त्यांचा बोअर जास्त खोल आहे. वायू खोलातून येत असता तर आधी त्यांच्याकडे आला असता. तिकडे नाही. म्हणजे हा खालचा नाही, वरचा आहे."

"वरचा म्हणजे कुठला?" मी विचारलं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. "उशीर झाला साहेब. शेगडी मेली मंद जळतीया. गोबरगॅसला काय झालंय कळंना."

साहेबांचा कप तोंडाशीच थांबला. "कधीपासून?"

"ह्यो बोअर मारला तवापासनं."

गोबरगॅसची टाकी गोठ्याच्या अंगाला, जमिनीत पुरलेली. बोअरपासून चार पावलांवर. साहेबांनी कप खाली ठेवला आणि टाकीभोवती फिरून आले. बोअर मारणाऱ्या यंत्राच्या धक्क्याने टाकीला तडा गेला होता, आणि तिच्यातला वायू मुरमातून वाट काढत बोअरमध्ये जात होता. काकूच्या शेगडीचा जाळ बोअरमधून निघत होता. दोन पदव्या घेतलेली मी रोज त्या टाकीशेजारून जात होते.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर नेहमीचा प्रश्न आला तेव्हा साहेबांनी पहिल्यांदाच वेगळं उत्तर दिलं. "काकांच्या बोअरमध्ये तेल नाही, खनिज वायूही नाही. गोबरगॅस आहे."

 मग कुणीतरी हळूच म्हणालं, "वरनं फोन आला आसंल."

"कालपतोर म्हाईत न्हाई म्हनत व्हता. आज येकदम न्हाई. दाबायला लागलं राव."

येडगावला ही बातमी पोचली आणि पाहुण्यांनी साखरपुडा गुरुवारवर आणला. मुख्यालयातल्या मोठ्या साहेबांनी तर तो व्हिडिओ एका सादरीकरणात लावला होता, बाण काढून. 'शिनोली भागात वायूची चिन्हं', असं खाली लिहून.

कोमल पुन्हा आली. "आता बोलून उपेग न्हाई साहेब. दाखवायला पायजे. बुधवारी पावणं जाळ बघायला येनारेत."

"मी खेळ करत नाही," साहेब म्हणाले.

"तुमी न्हाई म्हनालात. कुनी ऐकलं?"

साहेबांनी पाहुणे किती वाजता येणार ते विचारून घेतलं.

बुधवारी काका फेटा बांधून तयार होते. येडगावचे पाहुणे, म्हणजे मुलगा, त्याचे वडील आणि दोन मामा, गाडीतून उतरले. गाव गोठ्याभोवती गोळा झालं. ओढ्यापलीकडून नानाभाऊही आले होते. काकांनी लांब काठीला पेटता बोळा बांधून बोअर पेटवला. निळी ज्योत उभी राहिली. पाहुण्यांनी समाधानाने एकमेकांकडे बघितलं.

साहेब पुढे झाले. "एक पाहायचं आहे. शेगडी पेटवून पूर्ण सोडा."

मी दारात उभी होते. मी आत सांगितलं. कोमलने शेगडी सोडली, वर काकूने पातेलंभर पाणी ठेवलेलं होतं. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग बोअरची ज्योत हळूहळू खाली बसायला लागली, कंदिलाची वात कमी करावी तशी, आणि बोटभर उरली.

"बंद करा."

शेगडी बंद झाली. ज्योत पुन्हा चढली.

साहेबांनी हे दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा मुलाच्या वडिलांनी स्वतःच म्हटलं, "सोडा बघू." ज्योत बसली. "बंद करा." ज्योत उठली. काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. सगळ्यात आधी नानाभाऊ हसले, आणि मग कुणालाच थांबता येईना. काका मात्र टाकीकडे बघत उभे होते.

"म्हंजी शेन," ते म्हणाले.

"हो," साहेब म्हणाले. "गाईम्हशींचं. चांगलं आहे. टाकी लिंपून घ्या, शेगडी पहिल्यासारखी चालेल. तोवर इथे बिडी ओढू नका."

पाणी उकळलंच होतं, म्हणून काकूने चहा टाकला. पाहुणे चहा घेऊन गेले, हे मान्य केलं पाहिजे. संध्याकाळी फोन आला, की पत्रिका नीट बघितली, मुलाला मंगळ निघाला.

कोमल त्या रात्री जेवली नाही. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखी होईल. "तसा तो मुलगा मला आवडला व्हता," ती म्हणाली. "जाताना त्यानं मागं वळून बघितलं. मला वाटलं येक फोन तरी करंल." फोन आला नाही.

गावाने मात्र सगळा दोष साहेबांवर टाकला. साहेबांनी पोरीचं लग्न मोडलं आणि गावाचं तेलही घालवलं. टपरीवर त्यांना बिनसाखरेचा चहा मिळायला लागला. त्यांनी दोन घोट घेऊन तो वेगळा असल्याचं सांगितलं. मुख्यालयाचा राग त्याहून मोठा होता, कारण तो व्हिडिओ फार वरपर्यंत दाखवून झाला होता. मोठ्या साहेबांनी फोनवर सुचवलं, "निष्कर्ष अनिश्चित, एवढंच लिहा. पुढचं पुढे बघू."

"अनिश्चित नाही," साहेब म्हणाले. "हे एवढंच तर निश्चित आहे."

अहवालात त्यांनी वायूचा उगम म्हणून शेण लिहिलं. त्यांच्यापुढून नकाशे गेले. निवृत्तीला थोडे महिने उरले होते, ते कॅम्पच्या तारा, तंबू आणि खुर्च्या मोजण्यात घालवावेत असा आदेश आला. साहेबांनी खुर्च्या मोजल्या. कार्यालयाच्या खुर्च्या आणि कंपनीच्या खुर्च्या एकात एक मिसळल्या होत्या, तर पायांच्या झिजेवरून त्यांनी त्या वेगळ्या केल्या. ते दुःखी आहेत का, हे मला कळलं नाही. पण काकूचे लाडू येणं बंद झालं होतं आणि दुपारी डबा उघडताना ते एकदा दाराकडे बघायचे.

महिन्याभराने काका कॅम्पवर आले. मिशी परत आली होती. भांडायलाच आले, असं मला वाटलं. काका साहेबांसमोर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग पिशवीतून लाडवांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, तुमचं काम जुळवायचं हाय म्हनं."

"थर जुळवायचं."

"लेन्याद्रीच्या बाजूला येक पोरगा हाय. ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. तुमी येऊन बघाल का?"

साहेब खरोखर गोंधळले. "मला त्यातलं काहीही कळत नाही."

"म्हनून तर आलो," काका म्हणाले. "ज्यांना कळतं त्यांनी येडगावचं आनलं व्हतं."

साहेब गेले. मी आणि काकाही सोबत होतो. त्या घरात ते अर्धा दिवस बसले. मुलाशी थोडं बोलले, दुकानात जाऊन त्याला काम करताना बघितलं, शेजारच्या घरी जाऊन पाणी मागून प्याले आणि पलीकडच्या घरीही प्याले. मुलाची आई चहा घेऊन आली, बशीत सांडलेला तिने परत कपात ओतला आणि 'चहा म्हाग झालाय' म्हणाली. परत आल्यावर काका आणि कोमलला समोर बसवून त्यांनी सांगितलं, "मुलगा सरळ आहे. हाताला काम आहे. दारू नाही, दोन्ही शेजाऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं. सासूबाई कडक आहेत."

काकू आतून म्हणाली, "किती कडक?"

"बऱ्याच."

काका माझ्याकडे बघायला लागले. स्थळ सांगताना कुणी असं सांगत नाही. कोमलने मात्र विचारलं, "मनानं वाईट हायत का?"

"तसं दिसलं नाही. हात राखून आहेत, आणि आवाज मोठा आहे."

"चालंल," कोमल म्हणाली.

लग्न झालं. तोवर सर्वेक्षण गुंडाळलं गेलं होतं. 'अधिक अभ्यासाची गरज' असा कंपनीचा शेवटचा अहवाल आला, आणि काळ्या कातळाखाली काय आहे ते अजून कुणाला ठाऊक नाही. साहेब निवृत्त होऊन त्यांच्या गावी गेले. पण अजूनही आंबेगावातून कुणी ना कुणी मला फोन करतं, की मुलीचं ठरवतोय, साहेब दोन दिवस येतील का. ते येतात. ते माघारी निघाले की काकू त्यांच्यासोबत लाडू देते.

मागच्या महिन्यात मी कोमलकडे गेले होते. सासूबाई आतून ओरडत होत्या, दूध किती घेतलंस, साखर किती टाकलीस, पावनी काय रोज येती का. मी अवघडून उठायला लागले तर कोमलने हात धरून बसवलं.

"बस गं. त्या तशाच हायत," ती हसत म्हणाली. "दुसऱ्या कुनी स्थळ आणलं आसतं तर सासू गरीब गाय हाय म्हनाला आसता, अन् मी हितं येऊन वरीसभर रडले आसते. मी तयारीनं आले."

आणि तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला.